फजरनंतरचे दोन तास

मागच्या वर्षी सातवीच्या मराठीच्या तासाला आम्ही मुलींना एक साधा प्रश्न दिला होता : नागपुरात दिसणाऱ्या दहा पक्ष्यांची नावे लिहा. चिमणी, कावळा, कबूतर आणि पोपट ही चार नावे सगळ्यांच्या वहीत होती. पाचव्या नावाला पेन अडले. कुणी कोंबडी लिहिली, कुणी शहामृग, तर एकीने वटवाघूळ. दहापर्यंत एकही मुलगी पोहोचली नाही.

आम्हाला हसू आले आणि लगेच वाईटही वाटले, कारण फळ्यावर दहा नावे लिहायला आम्ही उभे राहिलो तेव्हा सातव्या नावाला आमचाही खडू थांबला. जन्म नागपुरातला, वीस वर्षे शिकवण्यात गेली, आणि आपल्याच शहराच्या झाडांवर कोण बसते हे आम्हाला ठाऊक नव्हते.

खरे तर या बाबतीत नागपूरइतके नशीबवान शहर विरळाच. पश्चिमेला अंबाझरी, उत्तर-पश्चिमेला गोरेवाडा, मध्ये सेमिनरी हिल्सची टेकडी आणि तिच्या पायथ्याशी फुटाळा. पण आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींनी यातले काय पाहिले होते? फुटाळ्याची चौपाटी, तीही ईदच्या दुसऱ्या दिवशी, गर्दीत, कणीस खाताना. मुलगे निदान मैदानावर क्रिकेट खेळतात, गच्चीवर पतंग उडवतात. मुलींच्या वाट्याला खिडकी येते, आणि खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते.

पहिली फेरी फसली

आम्ही दोघी शिक्षिकांनी उत्साहाने सहल काढली. चाळीस मुली, एक बस आणि सकाळी अकराची वेळ. सगळेच चुकले. ऊन चढलेले, पक्षी सावलीत गप्प. मुलींच्या गप्पांनी जे थोडे होते तेही उडून गेले. पिण्याचे पाणी आम्ही कमी नेले होते आणि एका मुलीला चक्कर आली. संध्याकाळी एका पालकांनी फोन करून विचारले, "मॅडम, तिथे बघितलं काय?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या वेळी शहाणपण आले. मुली फक्त बारा, जागा अंबाझरी जैवविविधता उद्यान, आणि वेळ फजरनंतरची. नोव्हेंबरात नागपुरात सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. ज्या घरात फजरला जाग असते, त्या घराला पक्षी पाहण्यासाठी वेगळे उठावे लागत नाही. फक्त नमाजनंतर पुन्हा चादर ओढायची नाही, एवढेच.

बारा नावे जमवणे मात्र सोपे नव्हते. वर्गातली एक मुलगी, जिने पहिल्या दिवशी वहीत सर्वांत जास्त म्हणजे सात नावे लिहिली होती, तिच्या अब्बूंनी नकार दिला. त्यांचे छोटे दुकान आहे. आम्ही दुकानावर गेलो. ते अदबीने बोलले, पण प्रश्न रोकडा होता. "मॅडम, जंगलात बघायचं काय? परीक्षेत येतं का ते?"

आम्ही खरे सांगितले. "नाही, परीक्षेत येत नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दादी सोबत असेल तर न्या. या वेळेपुरतं."

दादींचा स्टूल

दादी आल्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखणारे, हातात प्लास्टिकचा छोटा स्टूल. उद्यानाच्या फाटकातून आत गेल्यावर त्यांनी चारेकशे पावले टाकली, तलावाच्या काठाजवळ एका पळसाखाली स्टूल ठेवला आणि सांगून टाकले, "तुम्ही फिरा. मी इथंच बसते."

आम्ही मुलींना घेऊन पुढे गेलो. अंबाझरी तलाव १८७० च्या सुमारास शहराला पाणी मिळावे म्हणून बांधला गेला. तलावाच्या मागच्या अंगाला गवताळ माळ, बाभळी, बोरी आणि झुडपे असा मोठा पट्टा पसरला आहे. वनविभागाने तो जैवविविधता उद्यान म्हणून राखला आहे. बोरे अजून हिरवी होती. पाण्यात काळे पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले. टिबुकली बुडी मारायची आणि भलतीकडेच वर यायची, तेव्हा मुली पैजा लावू लागल्या. एक बदक दिसले, चोचीचे टोक पिवळे आणि कपाळाशी लाल ठिपके. त्याला मराठीत हळदी-कुंकू बदक म्हणतात हे कळल्यावर मुलींना नाव एकदाच सांगावे लागले.

तासाभराने परत आलो तर दादींनी दुरूनच हाताने थांबा अशी खूण केली. त्यांच्यापासून दहा पावलांवर एक पक्षी जमिनीत चोच खुपसून किडे शोधत होता. बदामी अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, लांब वाकडी चोच. तेवढ्यात त्याने डोक्यावरचा तुरा पंख्यासारखा उघडला आणि मिटला.

"हुदहुद," दादी हळूच म्हणाल्या.

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांना सबाच्या राणीची खबर आणून देणारा हुदहुद त्यांना मदरशातल्या गोष्टीतून पाठ होता. पण तो कुठेतरी अरबस्तानात, फार पूर्वी. तो अंबाझरीत, आपल्यापासून दहा पावलांवर असेल, असे कुणाच्या मनातही आले नव्हते. मराठी पक्षिपुस्तकांतही त्याचे हेच नाव सापडते. एका मुलीने विचारले, "मॅडम, मग अबाबीलही इथेच असतील?" हो. पाण्यावरून सपकन जाणाऱ्या ज्या भिंगऱ्या त्या तासभर पाहत होत्या, त्यांनाच उर्दूत अबाबील म्हणतात. म्हणजे वहीत न सापडलेली नावे मुलींकडे आधीपासून होती. नावाला जोडायला पक्षी तेवढा मिळाला नव्हता.

दादींनी सांगितले, त्या उमरेडकडच्या. लहानपणी बकऱ्या चारायला जायच्या, पळसाच्या पानांचे द्रोण लावायच्या. लग्न होऊन नागपूरच्या गल्लीत आल्या त्याला पन्नास वर्षे झाली. "तवापासून हुदहुद पाहिला नव्हता," त्या म्हणाल्या. नातीला दादींच्या या आठवणी त्या दिवशी पहिल्यांदा कळल्या.

त्या सकाळी सर्वांत जास्त पक्षी दादींनी पाहिले, कारण त्या एका जागी गप्प बसल्या होत्या. आमच्या पहिल्या सहलीत नेमके हेच हुकले होते.

दोन वाढदिवसांचा आठवडा

महाराष्ट्रात २०२० पासून दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. हा आठवडा दोन वाढदिवसांच्या मध्ये बसवला आहे.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. नवेगावबांधसारख्या विदर्भातल्या जंगलांत त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर अनेक वर्षे ते आपल्या नागपुरातच राहिले. पक्ष्यांची, झाडांची आणि आदिवासींच्या बोलीतली कितीतरी नावे त्यांनी मराठीत आणली. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले.

१२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. जन्म १८९६, मुंबईतला. लहानपणीच आई-वडील गेले आणि मामा अमीरुद्दीन तैयबजी यांनी खेतवाडीतल्या घरी त्यांना वाढवले. हातात छऱ्याची बंदूक आलेला हा मुलगा एकदा चिमणी मारतो आणि बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी दिसत नाही, मग हिला खाणे चालेल का? असा प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला न हिणकसता कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. त्या दिवसापासून पक्षी हा त्यांचा आयुष्याचा विषय झाला. विद्यापीठाची पदवी त्यांनी पुरी केली नव्हती, तरी १९४१ मध्ये आलेले त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आजही पक्षिनिरीक्षकांच्या पिशवीत असते. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

ही गोष्ट आम्ही वर्गात सांगतो तेव्हा भर मामांवर देतो. मामांना उत्तर माहीत नव्हते, पण त्यांनी मुलाचा प्रश्न झटकला नाही. उत्तर जिथे मिळेल तिथे त्याला पाठवले. आपल्या घरातल्या मोठ्यांना पक्ष्यांची नावे यायलाच हवीत असे नाही. इजाजत देणे त्यांच्या हातात आहे.

कुठे जाल, कसे जाल

अंबाझरीला जायला आता मेट्रो सोयीची आहे. दोसर वैश्य चौकातून बसले की सुभाषनगरपर्यंत थेट जाता येते, पुढे ऑटो. गोरेवाडा तलाव १९१२ मध्ये शहराच्या पाण्यासाठी बांधला गेला. त्याच्याभोवतीचे सुमारे १,९०० हेक्टर जंगल वनविकास महामंडळाकडे आहे. तिथली वाहनातून होणारी भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. वाघ, बिबटे आणि अस्वले पाहायची असतील तर ती आहेच. सेमिनरी हिल्सचे बाल उद्यान आणि जपानी गार्डन लहान मुलांना बरे, कारण चालणे थोडे आणि झाडे पुष्कळ. सीताबर्डीजवळचे महाराजबाग तर मोहल्ल्यापासून फार दूरही नाही. तिकीट आणि वेळ बदलत असते, ती निघण्याआधी विचारून घ्यावी.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. थंडीत उत्तरेकडून पाहुणे पक्षी आपल्या तलावांवर उतरतात आणि आपल्यालाही उन्हाचा त्रास नसतो. मे महिन्यात हा बेत करू नये, नागपूरचे ऊन कुणाचे ऐकत नाही.

आमच्या चुकांतून शिकलेल्या काही गोष्टी :

एका वेळी आठ-दहा जणांपेक्षा जास्त नकोत. कपडे आणि ओढण्या मातकट, हिरवट रंगाच्या असाव्यात. प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी. नाश्ता घरून डब्यात, म्हणजे प्लास्टिकच्या पुड्या मागे राहत नाहीत. पक्ष्यांना, माकडांना काही खायला घालू नये. त्यातून त्यांचे नुकसानच होते. घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नये. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. मोबाइलवर मर्लिन नावाचे मोफत अ‍ॅप आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते, मुलांना त्याचा फार नाद लागतो. आणि एक नियम दादींकडून घेतलेला : निदान दहा मिनिटे एका जागी बसायचे, कुणी बोलायचे नाही.

बुरखा घालून दुर्बिणीतून पाहणाऱ्या दोन बायका दिसल्या की लोक वळून बघतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी आम्हालाही अवघडल्यासारखे झाले. तिसऱ्या रविवारी फिरायला येणारे एक वयस्कर गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "पलीकडच्या वाळक्या झाडावर नीलपंख बसलाय, मुलींना दाखवा." त्यानंतर रोजचे येणारे आम्हाला ओळखू लागले. आपण गेलोच नाही तर ओळख व्हायची कशी?

नळाचे पाणी कुठून येते

अब्बूंच्या प्रश्नाचे आम्हाला तेव्हा न सुचलेले उत्तर नंतर सुचले. नागपूरच्या बहुतेक घरांत नळाला येणारे पाणी पेंच नदीचे आहे. पेंचच्या जंगलातून ते पाणी येते, गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध होते आणि आपल्या वजूच्या लोट्यापर्यंत पोहोचते. जंगल आहे म्हणून नदी वाहती आहे. तेव्हा जंगलात बघायचे काय, तर आपले पाणी.

घरात बसूनही काही करता येते. गच्चीवर मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. संक्रांतीच्या दिवसांत आपल्या गच्च्यांवरून नायलॉन मांजाने पतंग उडतात. त्यावर बंदी आहे, तरी तो मिळतो. त्यात अडकून पक्ष्यांचे पंख कापले जातात आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळेही. मागच्या जानेवारीत आमच्या बारा मुलींपैकी चौघींनी आपापल्या भावांच्या चकऱ्या तपासल्या. दोन घरांत भांडणे झाली, पण मांजा बदलला गेला.

वर्ष संपताना आम्ही तोच प्रश्न पुन्हा दिला. बाराही मुलींनी दहाच्या वर नावे लिहिली. दादींच्या नातीने एकतीस लिहिली, उर्दू एका रकान्यात आणि मराठी दुसऱ्यात.

ती आता आठवीत आहे. पक्षी सप्ताहाची यादी पुन्हा वर्गात लागली आहे आणि आजपर्यंत नऊ नावे आली आहेत. तिचे नाव त्यात नाही. अब्बूंनी "या वेळेपुरतं" म्हटले होते ते तिने लक्षात ठेवले आहे, म्हणून ती स्वतः विचारत नाही. या शनिवारी आम्ही पुन्हा दुकानावर जाणार आहोत. दादींनी निरोप पाठवला आहे की स्टूल तयार आहे.