इपॉक्सी राळेचे बल आणि भंग : क्युअरिंग व भारस्थिती यांचा प्रभाव

प्रस्तावना :

दि. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात कोयना धरण कोसळले नाही. मात्र त्याच्या बांधकामात आडव्या भेगा पडल्या. १०३ मीटर उंचीच्या या धरणाचा, जलाशयाच्या विरुद्ध बाजूचा उतार ज्या उंचीवर एकाएकी बदलतो तेथे प्रतिबल एकवटले होते आणि भेगा मुख्यत्वे त्याच पातळीच्या आसपास आढळल्या. या भेगांमध्ये इपॉक्सी राळ दाबाखाली भरण्यात आली, पूर्वताणित केबलींनी बांधकाम जखडण्यात आले आणि पुढे मागील बाजूस काँक्रीटच्या आधारभिंती उभारण्यात आल्या.

आज हीच राळ दोन डब्यांच्या जोडीने बाजारात सहज मिळते. सोलापुरातील सात रस्ता परिसरातील एखाद्या जुन्या इमारतीचा तडकलेला स्तंभ सांधायचा असो वा स्लॅबमध्ये लोखंडी बोल्ट बसवायचा असो, इपॉक्सीचा आधार घेतला जातो. तिचे ताणबल साधारणतः ४० ते ९० मेगापास्कल, तर काँक्रीटचे अवघे २ ते ५ मेगापास्कल असते. त्यामुळे ‘जोड दगडापेक्षा मजबूत’ असा समज रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. डब्यावर छापलेला आकडा हा राळेचा जन्मजात गुण नव्हे; ती कोणत्या तापमानात, किती काळ पक्व झाली आणि तिच्यावर भार कसा व किती वेळ आला, यावर तो ठरतो. प्रस्तुत लेखात या दोन घटकांचे विवेचन केले आहे.

क्युअरिंगची प्रक्रिया :

राळ व हार्डनर एकत्र येताच त्यांच्या रेणूंमध्ये रासायनिक बंध निर्माण होऊ लागतात आणि शेवटी सर्व दिशांनी जोडलेले जाळे तयार होते. इपॉक्सीसोबत वापरला जाणारा अमाइन वर्गातील हार्डनर हा केवळ उत्प्रेरक नसतो, तो स्वतः या जाळ्याचा भाग बनतो. म्हणूनच ‘थोडा हार्डनर जास्त टाकला की लवकर घट्ट होईल’ ही कारागिरांची समजूत घातक आहे. प्रमाण चुकले की जोडीदार न मिळालेले रेणू जाळ्यात लोंबकळत राहतात आणि राळ मऊ किंवा ठिसूळ होते. बाहेरून ती टणक दिसते, हीच अडचण आहे.

ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी आहे. ढोबळ नियमाने तापमान १० अंशांनी वाढले की तिचा वेग दुप्पट होतो. २५ अंश सेल्सिअसला जे मिश्रण अर्धा तास वापरता येते, ते सोलापूरच्या मे महिन्यातील ४० अंशांच्या दुपारी दहा-अकरा मिनिटांतच दाटू लागते. दाटलेली राळ बारीक भेगेच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि तेथे पोकळी राहते. याउलट भेगेत पसरलेला पातळ थर आपली उष्णता थंड काँक्रीटला देऊन टाकतो व हिवाळ्यात फार सावकाश पक्व होतो.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जाळे जसजसे घट्ट होते तसतसे राळेचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्यावर ती काचेसारखी न राहता रबरासारखी मऊ पडते ते तापमान, वाढत जाते. ते भोवतालच्या तापमानाच्या पुढे गेले की रेणूंची हालचाल गोठते आणि अभिक्रिया अपुरीच जवळजवळ थांबते. त्यामुळे साध्या हवेत पक्व झालेल्या राळेचे हे तापमान बहुधा ४० ते ६० अंशांच्या दरम्यान अडते. ते वाढवायचे तर राळेला नंतर काही तास अधिक तापमानात ठेवावे लागते. कारखान्यात हे शक्य आहे, इमारतीत क्वचितच. शोषलेला ओलावा हे तापमान आणखी खाली आणतो. डिसेंबरात भरलेला आणि प्रयोगशाळेत २७ अंशांना उत्तम ठरलेला जोड, उन्हाने तापलेल्या गच्चीच्या स्लॅबमध्ये मे महिन्यात आपल्या मर्यादेशी येऊन ठेपतो. आपल्याकडील दुरुस्तीच्या कामांत या बाबीची नोंद ठेवली जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

भार आणि भंग :

पदार्थ तुटतो तो सरासरी प्रतिबलाने नव्हे, तर त्यातील दोषाच्या टोकाशी एकवटलेल्या प्रतिबलाने, हे ग्रिफिथ यांनी काचेच्या अभ्यासातून १९२० मध्ये दाखविले. कडक इपॉक्सीला हे विशेषत्वाने लागू पडते. तिचे ताणबल मोठे असले तरी भेगेला अडविण्याची शक्ती थोडी असते. हवेचा एखादा बुडबुडाही भंगाचा प्रारंभबिंदू ठरू शकतो. जाळे जितके दाट तितकी उष्णता सोसण्याची क्षमता अधिक, पण ठिसूळपणाही अधिक. यावर उपाय म्हणून राळेत रबराचे सूक्ष्म कण मिसळतात.

भार झपाट्याने आला तर रेणूंना सरकण्यास अवधी मिळत नाही. राळ अधिक ताठ व बलवान भासते, परंतु फारशी न ताणता तुटते. भार हळू आला तर ती आधी थोडी वाहते. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे दीर्घकाळ टिकून राहणारा भार. अल्पकालीन चाचणीतील बलाहून बराच कमी भारही वर्षानुवर्षे राहिल्यास राळ कणाकणाने सरकत जाते. यास अभियंते ‘क्रीप’ म्हणतात.

दि. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहराच्या एका बोगद्यात छताचे सुमारे २६ टन काँक्रीट व लोखंडी सामान एका मोटारीवर कोसळून एक महिला मृत्युमुखी पडली. हे छत इपॉक्सीने चिकटविलेल्या बोल्टांवर टांगलेले होते. लवकर घट्ट होणाऱ्या प्रकारची राळ तेथे वापरली गेली होती आणि तिची क्रीप सोसण्याची क्षमता कमी होती, असा निष्कर्ष चौकशीअंती २००७ मध्ये निघाला. अल्पकालीन भाराला ती पुरेशी होती. टांगलेल्या छताचा भार मात्र अहोरात्र ओढणारा होता.

कोयनेची स्थिती याहून मूलतः वेगळी आहे. तेथील आडव्या भेगांवर वरच्या बांधकामाचे वजन सदैव दाब देत असते, आणि मोठा ताण येतो तो मुख्यतः भूकंपाच्या काही क्षणांत. दाबाखालच्या पातळ थरात क्रीपला फारसा वाव नाही. तेथे प्रश्न उरतो तो ओलसर पृष्ठभागावरील चिकटाचा आणि उलटसुलट झटक्यांत भेग पुन्हा उघडण्याचा. राळ भेग सांधू शकते, धरणाचा आकार बदलू शकत नाही. म्हणूनच तेथे केबली व आधारभिंतींची जोड द्यावी लागली.

बोस्टनच्या बोगद्यातील काही बोल्ट छिद्रांतून खाली सरकलेले १९९९ मध्येच दिसले होते. बोल्ट क्षणभर ओढून पाहण्याच्या चाचणीत असे सरकणे उमटत नाही. त्यासाठी भार महिनोन्महिने टांगून, वापराच्या ठिकाणच्या कमाल तापमानात मोजणी करावी लागते.