ईथरचा फवारा आणि डिझेलचं इंजिन

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, हे मागच्या भागात आलंच. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि तिच्यात उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. सारी मदार त्या उष्णतेवर. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात किंवा कॅनडातल्या मॅनिटोबात जानेवारीत पारा उणे ३० वर उतरला, की गारठलेलं लोखंड ती उष्णता गिळून टाकतं. ऑइल घट्ट होतं, बॅटरी मान टाकते, सेल्फ कण्हत फिरतो. मग शेतकरी ट्रॅक्टरच्या हवेच्या नळीत डब्यातला फवारा मारतो आणि इंजिन खडखडत उठतं.

या डब्यात मुख्यतः डायइथाइल ईथर असतं. बोस्टनमध्ये १८४६ साली विल्यम मॉर्टन यांनी भूल देण्यासाठी रोग्याला हुंगवलं, तेच. ते १६० ते १८० अंशांच्या आसपास स्वतःहून पेटतं. डिझेलला दोनशेच्या वर लागतात.

गोम इथेच आहे. डिझेल इंजेक्टरमधून ऐन वेळी उडतं. ईथर मात्र हवेबरोबर आधीच आत शिरलेलं असतं आणि पिस्टन वर चढत असतानाच भडकतं. चढावर ढकलत नेलेल्या हातगाडीला समोरून लाथ बसावी, तसा हा प्रकार. फवारा जास्त झाला तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो, हेड गॅस्केट उडतं. थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर आतून तापवणारा हीटर प्लग लालबुंद असताना फवारा मारणं तर सरळ आगीशी खेळ. हीटर असलेल्या बऱ्याच इंजिनांच्या पुस्तिकांत म्हणूनच ईथरला सक्त मनाई असते.

पण मग जॉन डिअर आणि कॅटरपिलर यांनी आपल्या काही यंत्रांवर ईथरची सोय स्वतःच का दिली? कारण तिथे मात्रा मोजलेली असते आणि ती इंजिन फिरत असतानाच सोडली जाते. हाताने डबा दाबणाऱ्याला तो अंदाज राहत नाही.

इंजिनाला ईथरचं व्यसन लागतं, असंही मेकॅनिक मंडळी म्हणतात. खरं तर रिंगा झिजून किंवा व्हॉल्व्ह गळून कॉम्प्रेशन आधीच गेलेलं असतं. फवारा ते दुखणं झाकतो. वर सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन झीज वाढवतो, ते वेगळंच. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की आपल्याकडे बातमी होते, पण तेवढ्या थंडीत धडधाकट डिझेल इंजिन विनातक्रार सुरू व्हायला हवं. नाहीच झालं, तर डब्याआधी बॅटरी, हीटर प्लग आणि कॉम्प्रेशन तपासावं.

त्या गोठवणाऱ्या मुलखाने यावर विजेचा उपाय काढला. नॉर्थ डाकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४० च्या दशकात इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर तयार केला. आज विनिपेगमध्ये कित्येक पार्किंगच्या जागांवर प्लग पॉइंट असतात आणि गाड्यांच्या तोंडातून वायर लोंबत असते.

(पुढील भागात : थंडीत डिझेलच थिजतं तेव्हा)