दोन बोटांसाठी तीस वर्षं

पियानिस्टची उजवी करंगळी नेमकं काय काम करते? सांगते. आपण घरी येऊन जी मेलडी गुणगुणतो ना, ती बऱ्याचदा तिच्या आणि शेजारच्या अनामिकेच्या वाट्याला आलेली असते. लिऑन फ्लायशरची हीच दोन बोटं वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तळहाताकडे आपोआप वळायला लागली.

तोवरचा त्याचा सीव्ही पाहा. जन्म १९२८, सॅन फ्रान्सिस्को. नवव्या वर्षी आर्टुर श्नाबेलकडे शिकायला सुरुवात. श्नाबेलचा गुरू लेशेटित्स्की, त्याचा गुरू चेर्नी आणि चेर्नीचा गुरू साक्षात बीथोव्हन! आपल्याकडे याला घराणं म्हणतात. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर पदार्पण. १९५२ मध्ये ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत पहिला. ती जिंकणारा पहिला अमेरिकन. मग जॉर्ज सेल आणि क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर केलेली बीथोव्हन-ब्राम्सची रेकॉर्डिंग्ज. थोडक्यात, सगळं एकदम सेट.

आणि १९६५ मध्ये, सेलबरोबरच्या रशिया दौऱ्याच्या तोंडावर, त्याला दौऱ्यातून बाहेर पडावं लागलं. हात दुखत नव्हता. तो फक्त ऐकत नव्हता. या आजाराचं नाव फोकल डिस्टोनिया. स्नायू धडधाकट असतात, पण मेंदूकडून त्यांना जाणारे हुकूम बिघडतात आणि ते नको तेव्हा आवळले जातात. तेव्हा हे निदान करणारं कुणी त्याला भेटलंच नाही. इंजेक्शनं झाली, मानसोपचार झाले, अरोमाथेरपीपासून झेनपर्यंत सगळं करून झालं. लग्न मोडलं. त्याने दाढी वाढवली, केसांची पोनीटेल बांधली, व्हेस्पा घेतली. ऐकायला कूल वाटतं, पण त्याच काळात आत्महत्येचे विचार यायचे, हेही त्याने पुढे उघडपणे सांगितलं.

मग तो काय करत राहिला? डाव्या हाताने वाजवत राहिला. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनस्टाइनसाठी राव्हेलने खास डाव्या हाताचा कॉन्चेर्टो लिहिला होता. तो फ्लायशरचा हुकमी एक्का झाला. ऑर्केस्ट्रा कंडक्ट केले. बॉल्टिमोरच्या पीबॉडी कॉन्झर्व्हेटरीत तो आधीपासून शिकवत होताच, पण आता 'हे बघ, असं' म्हणून वाजवून दाखवायची सोय नव्हती. प्रत्येक गोष्ट शब्दांत सांगावी लागायची. मला विचाराल तर त्याच्या करिअरचा सगळ्यात इंटरेस्टिंग भाग हाच. आंद्रे वॉट्स, जोनाथन बिस ही त्याच्या शिष्यांपैकी दोन नावं.

१९८२ मध्ये बॉल्टिमोरच्या नव्या हॉलच्या उद्घाटनाला तो पुन्हा दोन्ही हातांनी वाजवायला बसला. पेपरांनी कमबॅकचा गाजावाजा केला. हात मात्र सुधारलेला नव्हता, हे त्याचं त्याला कळत होतं. तो निमूट डाव्या हाताकडे परतला. मोठ्या टाळ्या मिळाल्यावर असं मागे फिरणं मला तरी जमलं नसतं.

खरा फरक पडला नव्वदीच्या दशकात, आणि तोही बोटॉक्समुळे! हो, तेच सुरकुत्यांचं. त्याने आवळलेला स्नायू सैल पडतो. सोबत रॉल्फिंग नावाचा खोलवर मसाज. पण बरा झाला म्हणू नका. इंजेक्शनचा असर ओसरला की ते पुन्हा घ्यायचं, असा हिशेब. २००४ मध्ये, पंचाहत्तरी गाठल्यावर, त्याचा 'टू हँड्स' अल्बम आला. दोन्ही हातांनी वाजवलेला, चाळीस वर्षांनंतरचा पहिला. २ ऑगस्ट २०२० रोजी तो गेला, ब्याण्णव वर्षांचा होऊन.

ऐकायचं असेल, तर आधी सेलबरोबरचा ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो लावा, तरुण फ्लायशरचा. मग 'टू हँड्स'मधला शूबर्टचा शेवटचा सोनाटा. हेडफोन चांगले घ्या, आणि फोन सायलेंटवर.