गर्भावस्थेतील ताण आणि बालकांचे श्वसन-आरोग्य : तानसा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना
मुंबईला पाणी पुरविणारे तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. ते ज्या शहापूर तालुक्यात आहे, तेथील व शेजारच्या मुरबाड तालुक्यातील अनेक पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावरचा हंडा, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे होणारे कातकरी कुटुंबांचे स्थलांतर, मालकाकडून घेतलेली उचल व अपुरा आहार यांमुळे गर्भवतीवर पडणाऱ्या ताणाचा अपत्याच्या फुफ्फुसांशी कोणता संबंध संभवतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शारीरिक प्रक्रिया
ताणाच्या अवस्थेत कॉर्टिसॉल हे संप्रेरक अधिक स्रवते. वारेतील एक विकर त्याचा बराचसा भाग निष्क्रिय करते. दीर्घकालीन ताणात हे संरक्षण दुबळे होऊ शकते. फुफ्फुसे परिपक्व होण्यास कॉर्टिसॉल आवश्यकच असते. प्रश्न मात्रेचा व वेळेचा आहे. श्वासनलिकांच्या मुख्य शाखा साधारणतः सतराव्या आठवड्यापर्यंत तयार होतात. वायुकोशांची वाढ जन्मानंतरही चालू राहते.

अभ्यासांचा निर्देश
जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात गोठणाऱ्या पावसाच्या वादळामुळे वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला. त्या सुमारास गर्भवती असलेल्या स्त्रियांच्या अपत्यांचा पुढे अभ्यास झाला. मातेचा ताण अधिक असता मुलींमध्ये दम्याचे प्रमाण अधिक आढळले. मुलग्यांमध्ये तसा संबंध दिसला नाही. अशा अभ्यासांतून सहसंबंध कळतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय तानसा परिसरात चुलीचा व भट्टीचा धूर, कुपोषण आणि कमी जन्मवजन हे घटक ताणाच्या जोडीला असल्याने त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

स्थानिक वास्तव
भट्टीचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. या काळात गर्भ राहिल्यास श्वासनलिका घडण्याचे आठवडे गावातील आशा कार्यकर्ती व अंगणवाडी यांच्या नजरेआड जातात. अमृत आहार योजनेतून २०१५ पासून आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांसाठी अंगणवाडीमार्फत चौरस आहाराची सोय झाली. परंतु गाव सुटले की तो आहारही सुटतो.

निष्कर्ष
गर्भवतीने प्रसन्न राहावे, हा उपदेश ताणाचा भार पुन्हा तिच्यावरच टाकतो. भट्टीवर गर्भवतींची लवकर नोंदणी, आहाराची सोय, धूरविरहित इंधन आणि पाड्याजवळ पाणी, हेही बालकांच्या श्वसन-आरोग्याचे उपाय होत.