सभा अडवली, तर ट्रिब्युनलचा दरवाजा

कापडबाजारात बापाची पेढी मुलांनी प्रायव्हेट लिमिटेड केली, असे आम्ही जागोजागी पाहतो. कागद बदलले, कारभार तोच. धाकटा सही करतो, थोरला वहीत 'सभा झाली' असे लिहितो. गोडी आहे तोवर चालते.

बिनसले की पंचाईत होते. दोनच भागधारक, आणि प्रायव्हेट कंपनीच्या सभेचा कोरमही दोघांचा. एकाने यायचेच नाही असे ठरवले की सभा संपली! हिशेब मंजूर होत नाहीत, नवा संचालक नेमता येत नाही. इथे २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम ९८ उपयोगी पडते. कोणीही संचालक किंवा मताचा हक्क असलेला भागधारक कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. सभा घेणे अशक्य झाले आहे असे पटले, तर न्यायाधिकरण स्वतः सभेचा हुकूम देते. एकटा सभासद हजर असला तरी ती सभाच धरावी, असेही सांगू शकते. वार्षिक सभा टाळली असेल तर कलम ९७ आहे. २०१६ पूर्वी हे काम कंपनी लॉ बोर्ड पाही.

मात्र ही कलमे भागधारकांच्या सभेची आहेत, संचालक मंडळाच्या बैठकीची नव्हेत. आमचे व्यापारी बंधू इथे हमखास गल्लत करतात.

मोठ्या कंपन्यांतही हेच भांडण होते. २०२१ मध्ये झी एंटरटेन्मेंटचे सुमारे १८ टक्के भाग असलेल्या इन्व्हेस्कोने व्यवस्थापकीय संचालकांना हटवण्यासाठी सभा मागितली. मंडळाने नकार दिला. मुंबई हायकोर्टाच्या एकल पीठाने ऑक्टोबरात त्या सभेला मनाई केली. मार्च २०२२ मध्ये खंडपीठाने ती मनाई उठवली. पुढे इन्व्हेस्कोनेच मागणी मागे घेतली, ती गोष्ट वेगळी. भागधारकाने सभा मागताना कारणे देण्याची गरज नाही, हे तर सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच एस्कॉर्ट्सच्या खटल्यात सांगितले होते.

म्हणून अर्जाआधी लेखी मागणी करा आणि पोचपावती जपून ठेवा. मताचा दहावा हिस्सा असेल, तर मंडळाने २१ दिवसांत हालचाल करून ४५ दिवसांच्या आत सभा घ्यायची असते. नाही घेतली, तर मागणीपासून तीन महिन्यांच्या आत तुम्हीच बोलवा. त्याचा वाजवी खर्च कंपनी देते, आणि टाळाटाळ करणाऱ्या संचालकांच्या मानधनातून वळता करून घेते.