कल्याणचे दगड : नोंदणीचा एक दिवस

तुर्कस्तानातलं एफेसस बघून आलेले लोक मला विचारतात, "कल्याण एवढं जुनं बंदर म्हणता, मग त्याचे अवशेष कुठे आहेत?" प्रश्न रास्त आहे. एफेसस हेही बंदरच होतं. नदीने आणलेल्या गाळाने ते बुजलं, समुद्र काही किलोमीटर मागे हटला, वस्ती उठली आणि संगमरवरी रस्ते, नाट्यगृह, ग्रंथालयाची दर्शनी भिंत असं सगळं नगर जागच्या जागी पडून राहिलं. उल्हास खाडीतही गाळ भरला, मोठी गलबतं यायची थांबली, पण कल्याणातली माणसं उठून गेली नाहीत. दोन हजार वर्षं त्याच जागेवर घरं पडत आली आणि नवी उभी राहत आली. त्यामुळे इथलं प्राचीन नगर बघायचं तर वाड्याच्या जोत्यात, तळ्याच्या काठावर, देवळाच्या पारावर आणि गावाच्या वेशीवर शोधावं लागतं. मी इतिहास शिकवते. तास नसतील त्या दिवशी कल्याण, अंबरनाथ, भिवंडी आणि ठाणे या पट्ट्यातल्या सुट्या शिल्पांची आणि शिलालेखांची नोंद करते. जानेवारीतला असाच एक दिवस.

सकाळी ६.००, डोंबिवली

पिशवी रात्रीच भरलेली असते, तरी एकदा तपासते. मोजपट्टी, काळ्या-पांढऱ्या खुणांची फोटोपट्टी, उत्तर दाखवायचा कागदी बाण, मऊ केसांचे दोन ब्रश, लांब दांड्याची बॅटरी, जुनी सुती साडी, आखलेली वही, पेन्सिली. तारेचा ब्रश, खडू, तेल, पीठ यांतलं काहीही पिशवीत नसतं. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक दगडाला खडू चोळतात किंवा पीठ भरतात. पुढच्या वाचणाऱ्याला मग कोरलेली रेघ कुठली आणि चोळणाऱ्याने ओढलेली कुठली, हे सांगता येत नाही.

६.४०, अंबरनाथची गाडी

सारं डोंबिवली मुंबईच्या दिशेने लोटत असतं. उलट दिशेच्या गाडीत खिडकी मिळते. सोबत एम.ए.ची एक विद्यार्थिनी आहे. या रुळांचाही आमच्या विषयाशी संबंध आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले. पुढे थोड्याच वर्षांत जॉन टर्टल वुड नावाचा इंग्रज वास्तुविशारद तुर्कस्तानात स्मर्ना-आयदिन रेल्वेची स्थानकं आखायला गेला आणि एफेससच्या मागे लागला. नाट्यगृहात सापडलेल्या एका लांबलचक शिलालेखात देवीच्या मिरवणुकीचा मार्ग दिला होता. तो धरून खणत वुड १८६९ च्या अखेरीस आर्टेमिसच्या हरवलेल्या देवळापर्यंत पोचला. विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगते. कोरलेल्या चार ओळी नीट वाचल्या की जमिनीखालचा रस्ता सापडतो.

७.३०, अंबरनाथचं शिवमंदिर

वालधुनीच्या काठचं हे देऊळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, त्यामुळे इथे आमचं काम फक्त डोळे तयार करायचं. उन्हाची तिरपी तिरीप भिंतीवर येते तेव्हा काळ्या पाषाणातली प्रत्येक घडी उठून दिसते. दुपारी डोक्यावरच्या उन्हात तीच भिंत सपाट वाटते. देऊळ पश्चिमाभिमुख आहे, म्हणून सकाळी आधी मागच्या भिंतीकडे जायचं. खाली हत्तींची रांग, तिच्या वर देवदेवता, कोपऱ्याकोपऱ्याला वळणारी भिंत आणि शिखरावर छोट्या शिखरांच्या उभ्या ओळी. ही भूमिज शैली. शिखराचा माथा आज नाही. गाभारा मात्र मंडपाच्या बराच खाली आहे आणि पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावं लागतं.

उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवरचा लेख झिजला आहे. त्यात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे साल आणि उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला राजा मामवाणी याचं नाव येतं. आधीच्या अभ्यासकांनी हा आकडा ७८२ असा वाचला होता. पहिला अंक पुढे ९ ठरला आणि देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं. एका अंकावर केवढं अवलंबून असतं, हे विद्यार्थ्यांना कळायला याहून चांगली जागा नाही. १८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले विद्यार्थी इथे येऊन राहिले. त्यांनी नकाशे आखले आणि शिल्पांचे साचे घेतले. त्यानंतर पावसाने जे झिजवलं ते पडताळायला आज तीच कागदपत्रं कामी येतात.

पूजेला आलेल्या एक आजी आमच्या वहीत डोकावतात. "काय गं पोरींनो, देवाचं माप घेता?" विद्यार्थिनी त्यांना तुळईवरची अक्षरं दाखवते. हजार वर्षांपूर्वीची आहेत म्हटल्यावर आजी हात जोडतात आणि विचारतात, "मग कोणी वाचतं का रोज?"

१०.१५, दुर्गाडी

कल्याणला उतरून रिक्षाने दुर्गाडी किल्ल्याखाली येतो. खाडीला भरती आहे. इथे उभं राहिलं की बंदराची जागा लगेच ध्यानात येते. मागे नाणेघाट आणि माळशेजकडे जाणारा रस्ता, पुढे समुद्राकडे जाणारं पाणी. घाटावरून उतरलेला माल इथे होडीत चढे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवहीत, 'पेरिप्लस'मध्ये, कल्याणचं नाव आहे. आधी हे राजमान्य बंदर होतं, पण पुढे सत्ता बदलली आणि इथे आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेऊ लागले, असं त्यात म्हटलं आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी आणि सोनाराने दिलेल्या दानांचे लेख आहेत. सहाव्या शतकातल्या कॉस्मास नावाच्या ग्रीक लेखकाने इथून तांबं, लाकडाचे ओंडके आणि कापड बाहेर जात असल्याचं लिहिलं आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली.

किल्ल्याचे दगड फार उरलेले नाहीत. इंग्रज अमलात इथले दगड काढून कल्याण आणि ठाण्याच्या धक्क्यांना लावले गेले. या भागात दगडाचा प्रवास असाच असतो. देवळातून तटाला, तटातून धक्क्याला, धक्क्यातून कुणाच्या ओट्याला. म्हणून आमच्या नोंदीत 'आजची जागा' आणि 'मूळ जागा' असे दोन रकाने आहेत. दुसरा बहुतेक वेळा कोरा राहतो, तरी तो ठेवतेच.

११.३०, पारनाका

जुन्या कल्याणात एक वाडा पुनर्विकासाला चालला आहे. मालकांनीच फोन करून बोलावलं आहे. मागच्या अंगणात विहिरीजवळ धुण्याचा दगड आहे. तो उलटवला तर खालच्या अंगाला उमललेल्या कमळाचा अर्धा भाग निघतो. एखाद्या मंडपाच्या छताचा तुकडा असावा. "आमच्या आजीपासून यावर धुणी धुतोय," मालकीणबाई चहा ठेवता ठेवता सांगतात. लांबी, रुंदी, जाडी, पाकळ्यांची संख्या, तुटलेली कड कुठली, चुन्याचे डाग कुठे, सगळं वहीत उतरतं. चार बाजूंनी आणि वरून फोटो घेतो.

मग खरा प्रश्न येतो. वाडा पडल्यावर हा कुठे जाईल? राडारोड्याच्या ट्रकमध्ये गेला तर संपलाच. मालकांना एवढंच सांगते की बिल्डरशी करार करताना या दगडाचा त्यात उल्लेख करा आणि नव्या इमारतीच्या प्रवेशाशी तो ठेवायला लावा. ते लगेच मुलाला हाक मारून मजकूर लिहून घ्यायला सांगतात.

१.००, जेवण

टिळक चौकाजवळ पोळीभाजी, ताक. सकाळच्या फोटोंना क्रमांक देऊन होतात. हे संध्याकाळवर टाकलं की घोटाळा होतो.

२.१५, गांधारी पुलापलीकडे

बापगाव सोडून लोणाडच्या बाजूला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांची पत्र्याची छपरं लागतात. जगभरचा माल पुन्हा याच खाडीच्या मागे येऊन साठतो आहे. हा भाग शिलाहारांच्या कागदपत्रांत नावानिशी सापडतो. शके ९१९, म्हणजे इ.स. ९९७ मधल्या ताम्रपटात राजा अपराजिताने लोणादित्याच्या पूजेसाठी भादाणे गाव दिल्याची नोंद आहे. लोणाड आणि भादाणे ही दोन्ही गावं आजही आहेत. लोणाडला डोंगरातलं लेणं आणि जुन्या शिवमंदिराचे अवशेष आहेत. जवळच चौधरपाड्याला केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख मिळाला.

आज मात्र आम्हाला एका वेशीवरची गधेगाळ नोंदवायची आहे. कमरेएवढा उभा दगड. वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असेतोवर दान टिकावं. मध्ये लेखाची जागा. खाली गाढव आणि बाई. दिलेली जमीन जो हिरावेल, दानाचा शब्द जो मोडेल, त्याच्या आईवर ही वेळ येईल, असा शाप चित्रात कोरलेला. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं अशी ही सोय. त्या शापात बाईच्या देहाला ओलीस ठेवलं आहे, हे मी वर्गात स्पष्ट सांगते. दानपत्रातली ही कठोर बाजू झाकून इतिहास शिकवता येत नाही.

दगडाला शेंदूर आहे, समोर नारळ फोडलेला आहे. पारावरचे आजोबा उठून येतात. "ताई, यो आमचे वेशीचा देव हाय. हालवू नका."

"नाही बाबा, जागचा हलवणार नाही. शेंदरालाही हात लावणार नाही. फक्त माप घेते. तुमच्यासमोरच."

ते शेजारी बसतात. सुती साडी दोघींनी धरून दगडावर सावली करायची, मग बॅटरी एका बाजूने जमिनीलगत धरायची. उजेड आडवा आला की झिजलेली अक्षरं सावलीने भरतात. डावीकडून धरल्यावर एक ओळ दिसते, उजवीकडून धरल्यावर दुसरीच. विद्यार्थिनी बॅटरी इंचाइंचाने फिरवते आणि मी दिसेल तेवढं वहीत काढते, अक्षर म्हणून नव्हे, रेघ म्हणून. काय लिहिलं असेल याचा अंदाज आधीच केला की हात तेच काढू लागतो. तीन ओळींच्या खुणा मिळतात. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला 'स्व' सारखं काही आहे. दानलेखांची सुरुवात 'स्वस्ति'ने होते, पण नोंदीत मी 'स्व (?)' एवढंच लिहिते.

निघताना आजोबांना सांगते की ग्रामपंचायतीकडे याची एक प्रत देईन. ते म्हणतात, रस्ता रुंद करायची मोजणी होऊन गेली, तेव्हा प्रत लवकर द्या. पंचायतीचं कार्यालय उघडंच आहे. ग्रामसेवकांना तिथेच फोटो दाखवून हाताने लिहिलेलं टिपण देते आणि पोच घेते.

५.४५, ठाणे

भिवंडीमार्गे ठाण्याला येईपर्यंत वाहतूक अंगावर येते. मासुंदा तलावाला वळसा घालून कोपिनेश्वराच्या देवळापाशी उतरतो. आजची वास्तू १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्या काळात उभी राहिली, पण शिलाहारांचं 'स्थानक', म्हणजे जुनं ठाणे, इथलंच. पलीकडे जुन्या किल्ल्यात आता कारागृह आहे. १७८७ मध्ये त्याच किल्ल्यात पायाचं खोदकाम करताना अरिकेसरी राजाचा शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ चा ताम्रपट निघाला. तो जपला गेला आणि पुढल्याच वर्षी छापून आला, म्हणून उत्तर कोकणच्या शिलाहारांचा इतिहास लिहायला सुरुवात तरी झाली. खणणाऱ्या मजुराने ते पत्रे भंगारात घातले असते तर एका राजवंशाचं पान कोरं राहिलं असतं.

६.१५, मराठी ग्रंथ संग्रहालय

१८९३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत बसून दिवसाच्या नोंदी ताडून बघते. समोर वा. वि. मिराशींचा शिलाहारांवरचा ग्रंथ आणि शं. गो. तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख'. दुपारच्या वेशीवरचा दगड यांतल्या कुठल्या नोंदीशी जुळतो का, ते एकेक पान उलटून पाहते. आज जुळत नाही. कमळाच्या तुकड्याची पाकळ्यांची घडण अंबरनाथच्या छताशी मिळतीजुळती वाटते. 'तुलना करावी' अशी नोंद ठेवते, त्यापलीकडे काही लिहीत नाही.

९.००, डोंबिवली

जेवणानंतर संगणकावर तक्ता भरते. क्रमांक, गाव, वस्तू, माप, दगडाचा प्रकार, आजची जागा, मूळ जागा, पूजेत आहे की नाही, कुणाच्या ताब्यात आहे, धोका कसला. शेवटच्या रकान्यात आज 'पुनर्विकास' आणि 'रस्ता रुंदीकरण' हे शब्द येतात. फोटोंच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवते.

एफेससला १८९५ पासून ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञ खणत आले आणि २०१५ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कल्याण-ठाण्यात तसं खणायला मोकळी जमीन नाही. इथे दररोज कुठे ना कुठे जेसीबी पाया खणतोच आहे. या पट्ट्यातलं सर्वांत मोठं उत्खनन तेच, आणि ते बिल्डर, ठेकेदार, मजूर आणि घरमालक करतात. म्हणून त्यांनाच सांगायचं आहे. पायात कोरीव दगड किंवा लेखाचा पत्रा लागला तर काम तासभर थांबवा. आहे त्या जागीच फोटो काढा, कारण जागा हा अर्धा पुरावा असतो. खाडीत सोडू नका, घासू नका, रंगवू नका. तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. जमिनीत दडलेल्या वस्तूंसाठी १८७८ पासून तसा कायदाच आहे. जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या शिक्षकालाही फोन करा. आम्ही मोजपट्टी घेऊन त्याच दिवशी येऊ.