पाठीवरचं पॉवरहाऊस

बंगळुरूत के. आर. पुरमच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात, तर शेजारच्या दूरवाणी नगरची आठवण काढा. इथे आयटीआयचा, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना. स्थापना १९४८ची. आपल्या घरातला तो गोल डायलचा वजनदार फोन बहुधा याच कंपनीचा. लाइट गेली तरी तो चालायचा, कारण त्याला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून तारेतूनच यायचे. (४८ साल, ४८ व्होल्ट. निव्वळ योगायोग!) याच आयटीआयला २०२० मध्ये लष्कराच्या ‘ॲस्कॉन’ या संपर्कजाळ्याच्या चौथ्या टप्प्याचं ७,७९६ कोटींचं काम मिळालं. पण तार संपते तिथून पुढे गस्तीला जाणाऱ्या जवानाचं काय? त्याची बॅटरी त्याच्याच पाठीवर.

अँटेना ओढा, रेडिओ सुरू! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या हातात एससीआर-५३६ हा छोटा रेडिओ होता. त्याला चालू-बंद करायचं वेगळं बटणच नव्हतं. अँटेना बाहेर ओढली की चालू, आत ढकलली की बंद. बॅटरी वाचवायची इतकी सोपी युक्ती आजच्या स्मार्टफोनलाही सुचलेली नाही.

बॅटरीलाही थंडी वाजते. सियाचीनसारख्या ठिकाणी आतलं इलेक्ट्रोलाइट घट्ट होतं, लिथियमचे आयन रेंगाळतात आणि भरलेली बॅटरीही लवकर मान टाकते. शून्याखाली चार्जिंगला लावली तर आणखी पंचाईत: लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. त्यावर जवानांचा उपाय अगदी देशी. सुटी बॅटरी जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेला.

बरं, जवानाची बॅटरी बनवणं एकट्या कंपनीच्या आवाक्यातलं का नाही? कारण सेल एकाचा, पॅक दुसऱ्याचा, रेडिओ तिसऱ्याचा आणि प्रत्येकाची पिन वेगळी. घरच्या ड्रॉवरमधला चार्जरांचा गुंता आठवा. तोच जवानाच्या सॅकमध्ये. अमेरिकी लष्कराने म्हणून २५९० नावाचा एक ठरावीक आकार रूढ केला. आत लॅपटॉपमध्ये असायचे तसेच २४ सेल. नवा पॅक तर दोनशेपेक्षा जास्त वॉट-तासांचा, म्हणजे साध्या प्रवाशाला विमानात नेताच येणार नाही, कारण तिथे परवानगी काढूनही मर्यादा १६० वॉट-तासांचीच!

आपल्याकडेही वाटून घेण्याची सुरुवात झाली आहे. २०१८ मध्ये इस्रोने उपग्रहांसाठी विकसित केलेलं लिथियम-आयन सेलचं तंत्र भारतीय उद्योगांना देऊ केलं, तेही अवघ्या १ कोटी रुपयांत. अवकाशाचं तंत्र मुंबईतल्या फ्लॅटपेक्षा स्वस्त! तसा मराठी मुलुखही मागे नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुणे कारखान्याने मॅग्नेशियम आणि लिथियमच्या बॅटऱ्या बनवल्या. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने एल अँड टी आणि पुण्याच्या थरमॅक्सला सोबत घेऊन पाणबुडीसाठी फ्युएल सेल तयार केला. २०२१ मध्ये त्याची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. लागणारा हायड्रोजन तो जागच्या जागी तयार करतो, टाकी भरून न्यायला नको.

आणि बॅटरी नकोच असेल तर? लॉरेन्स रोम या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने २००५ मध्ये चालताना वरखाली हलणारी सॅक दाखवली. त्या हालचालीतून ७.४ वॉटपर्यंत वीज निघत होती. अट एकच: सॅकमध्ये चांगलं वीस-तीस किलो ओझं हवं. जवानाकडे त्याची कधीच टंचाई नसते.